ऐच्छिक सामाजिक माहितीचा फॉर्म: प्रश्न ठरवण्यापासून फाइल पुसण्यापर्यंत

"सर्व विद्यार्थ्यांनी ऐच्छिक माहितीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरून वर्गशिक्षकांकडे जमा करावा. फॉर्म न दिल्यास परीक्षा अर्ज स्वीकारला जाणार नाही."

एका महाविद्यालयाच्या फलकावर ही सूचना मी स्वतः वाचली आहे. फॉर्मच्या पहिल्या ओळीत नाव आणि हजेरी क्रमांक, खाली जात, पोटजात, धर्म, अपंगत्व. वर्गप्रतिनिधीने गोळा केलेला गठ्ठा दोन दिवस स्टाफरूमच्या टेबलावर पडून होता, चहाला येणाऱ्या कुणीही चाळावा असा. हेतू चांगलाच होता. आपल्याकडे कोण शिकतंय आणि कुणाचं कुठे अडतंय, हे समान संधी केंद्राला, म्हणजे वंचित गटांतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या महाविद्यालयातल्या कक्षाला, खरोखर जाणून घ्यायचं होतं. पण त्या गठ्ठ्यातल्या एकाही उत्तरावर मी विश्वास ठेवणार नाही, कारण ती धाकाने दिलेली उत्तरं होती.

महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत हे काम ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका प्रश्न आधी लिहून उद्देश नंतर शोधल्यामुळे होतात.

## सुरुवातीला एक फरक पक्का करा

महाविद्यालयाकडे दोन प्रकारची माहिती असते. प्रवेश, आरक्षण, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आणि 'आयशे'चा (उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचा) वार्षिक तक्ता यांसाठी लागणारी माहिती दाखल्यांवर चालते. ती कार्यालयात असते आणि द्यावीच लागते. दुसरी माहिती विद्यार्थी स्वतःहून सांगतो. तिला दाखला लागत नाही, ती पडताळायची नसते आणि तिच्यावरून कुणाला काही मिळत नाही की कुणाचं काही जात नाही. हा लेख या दुसऱ्या माहितीबद्दल आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की मुलांना वाटतं, जात वैधतेची किंवा नॉन-क्रिमीलेयरची नवी तपासणी सुरू झाली. मग ती एकतर दाखल्यावरचं जसंच्या तसं उतरवतात, नाहीतर फॉर्म कोरा ठेवतात.

## टप्पा १: आधी निर्णय लिहा, मग प्रश्न

कोरा कागद घ्या आणि उजवीकडून भरायला लागा. उजव्या रकान्यात येत्या वर्षभरात महाविद्यालय घेऊ शकेल असे निर्णय लिहा. मधल्या रकान्यात तो निर्णय कोण घेणार ते लिहा. डावीकडे त्या निर्णयासाठी कोणती माहिती हवी ते लिहा.

उदाहरणार्थ, ग्रंथालयातल्या दोन संगणकांवर पडदा-वाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं) सॉफ्टवेअर बसवायचं का? निर्णय ग्रंथपाल आणि प्राचार्यांचा, आणि माहिती लागते किती जणांना दिसण्यात अडचण आहे याची. पहिल्या सत्रात मराठी लेखनाचे जादा तास ठेवायचे का? निर्णय मराठी विभागाचा, माहिती घरच्या भाषेची. शेवटची एसटी चुकते म्हणून प्रात्यक्षिकांची वेळ बदलायची का? इथे रोजचा प्रवास विचारावा लागतो.

ज्या प्रश्नासमोर उजवा रकाना रिकामा राहतो, तो प्रश्न काढून टाका. पोटजात इथेच गळते. उत्पन्नाचा नेमका आकडाही गळतो, कारण तो शिष्यवृत्तीच्या अर्जात आहेच. "असू दे, पुढे कधी लागेल" हे कारण बैठकीत कुणीतरी हमखास देतं. ते मान्य करू नका.

तपासा: प्रश्न दहाच्या वर गेले असतील तर रकाने पुन्हा वाचा. मी आठवर थांबते.

## टप्पा २: माहिती कुणाच्या हाती राहील ते ठरवा

दोन, फार तर तीन माणसं. त्यांत वर्गशिक्षक, विभागप्रमुख, परीक्षा विभागातलं कुणी आणि वसतिगृहाचे रेक्टर नसावेत. ज्याच्या हातात मुलाचे अंतर्गत गुण किंवा खोली आहे, त्याच्या हातात त्याची जात-धर्माची उत्तरं नकोत. प्राचार्यांनाही मोजणी द्यायची, मूळ उत्तरं नाहीत. हे आधी लेखी मंजूर करून घ्या. नंतर कुणी "जरा यादी दाखवा" म्हणालं तर कागद पुढे करता येतो.

कायद्याचं थोडक्यात. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी आणि बिनशर्त हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असायला हवं. कागदी फॉर्म एक्सेलमध्ये चढवले की तेही या कायद्याच्या कक्षेत येतात. "आमचं कागदावर आहे" हा बचाव तिथे संपतो.

सावधान: या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाला हा फॉर्म पाठवू नका. प्रथम वर्षातही सतरा वर्षांची मुलं असतात. पहिलाच प्रश्न "तुमचं वय १८ पूर्ण आहे का?" असा ठेवा आणि 'नाही' म्हटल्यावर फॉर्म आभार मानून तिथेच संपू द्या.

## टप्पा ३: अनामिक की गोपनीय?

हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. अनामिक म्हणजे उत्तर कुणाचं हे आपल्यालाही कळत नाही. गोपनीय म्हणजे आपल्याला कळतं, पण आपण सांगत नाही. फॉर्मवर 'अनामिक' लिहून आत हजेरी क्रमांक विचारला, तर ती फसवणूक आहे. हेतू काहीही असो.

माझा कौल अनामिकतेला आहे. पण अनामिक फॉर्ममध्ये एखादीने लिहिलं की मला परीक्षेत लेखनिक हवा, तर तिच्यापर्यंत पोहोचायचं कसं? ही अडचण बहुतेकांच्या लक्षात निकाल हाती आल्यावर येते. म्हणून दोन फॉर्म करा. पहिला अनामिक. तो संपल्यावर दुसऱ्या, पूर्णपणे वेगळ्या फॉर्मचा दुवा द्या: "मदतीसाठी आमच्याशी बोलायचं असेल तर इथे नाव आणि फोन द्या." दोन्हींची उत्तरं दोन वेगळ्या फायलींत जाऊ द्या आणि एकमेकांना जोडू नका.

अनामिक उत्तर नंतर मागे घेता येत नाही, कारण ते शोधणार कसं? त्यासाठी शेवटी स्वतः निवडलेला एक शब्द आणि दोन अंक लिहायची सोय ठेवा, जसं की 'करवंद ४७'. विद्यार्थ्याने पुढे तेवढंच चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकलं की ती ओळ काढून टाकता येते.

## टप्पा ४: प्रश्नांची भाषा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त दिवस या टप्प्याला द्या.

प्रवर्ग. 'आयशे'च्या तक्त्यात सर्वसाधारण, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी असे रकाने असतात. तेच उचलून फॉर्ममध्ये टाकले की महाराष्ट्रातले भटके-विमुक्त ओबीसीत विरघळून जातात. विमुक्त जाती अ आणि भटक्या जमाती ब, क, ड हे पर्याय वेगळे द्या. विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हेही विसरू नका. आदिवासी भागातल्या महाविद्यालयाला मी आणखी एक पर्याय ठेवायला सांगेन: कातकरी, कोलाम किंवा माडिया गोंड. केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या या तीन जमाती आहेत, आणि 'अनुसूचित जमाती' या एका बेरजेत त्यांची मुलं दिसतच नाहीत. मात्र मोजणीत हा आकडा लहान येईल, हे टप्पा ८ मध्ये लक्षात ठेवा.

धर्म. प्रवर्ग आणि धर्म एका प्रश्नात गुंफू नका. "हिंदू-एससी, हिंदू-ओबीसी, मुस्लिम, इतर" अशी यादी मी पाहिली आहे. त्यात बौद्ध विद्यार्थ्याने कुठे खूण करायची? १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती आहेत. ओबीसी मुस्लिम मुलीनेही नेमकं काय निवडायचं? शिवाय कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म असतो आणि घरात दुसरा. म्हणून प्रश्न असा विचारा: "तुम्ही स्वतः कोणता धर्म मानता? (दाखल्यावर काय आहे ते पाहायची गरज नाही.)" पर्यायांत "कोणताही धर्म मानत नाही" हवंच.

लिंग. स्वतःची लिंग-ओळख स्वतः सांगण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात मान्य केला आहे. पर्याय असे द्या: स्त्री, पुरुष, पारलिंगी किंवा तृतीयपंथी, माझ्या शब्दांत सांगायचं आहे, सांगायचं नाही. एकाहून जास्त खुणा करू द्या, कारण पारलिंगी स्त्रीला स्वतःला स्त्री म्हणूनही नोंदवायचं असू शकतं. 'इतर' हा शब्द माणसांसाठी वापरू नका. लैंगिक कल मात्र छोट्या महाविद्यालयात विचारूच नये, असं मला ठामपणे वाटतं. त्या उत्तरावर घेण्यासारखा निर्णय सहसा आपल्या हातात नसतो आणि ते फुटलं तर मुलाला घर सोडावं लागू शकतं.

अपंगत्व. "तुम्ही दिव्यांग आहात का? हो/नाही" हा प्रश्न बाद करा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण शिक्षणातलं आरक्षण ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व प्रमाणित असलेल्यांना मिळतं. एका कानाने कमी ऐकू येणारा, अक्षरं उलटसुलट दिसणारा, वर्षानुवर्षं औषधावर असणारा मुलगा दाखला नाही म्हणून सरळ 'नाही'वर खूण करतो. त्यापेक्षा अडचण विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या वॉशिंग्टन गटाचे सहा छोटे प्रश्न याच कामाचे आहेत. बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं करणं आणि बोलणं-समजणं ही त्यांची सहा क्षेत्रं. मराठीत असं विचारता येईल: "चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?" पर्याय चार: अजिबात नाही, थोडा, खूप, दिसतच नाही. त्यात 'अपंग' हा शब्द कुठेही येत नाही, म्हणून मुलं खरं सांगतात.

घरची भाषा. 'मातृभाषा: मराठी/हिंदी/उर्दू/इतर' असं लिहिलं की खानदेशातली मुलं अहिराणी बोलत असूनही मराठीवर खूण करतात. 'इतर' म्हणजे आपण किरकोळ, असं त्यांना वाटतं. रिकामी ओळ द्या: "घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलता?" नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका मुलीने आमच्या पहिल्या कागदी फॉर्मवर 'पावरी' लिहून ते खोडलं होतं आणि शेजारी 'मराठी' लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी आजीचा प्रश्न आला आणि खाडाखोड थांबली. एक्सेलमध्ये चढवताना पावरीचं 'भिल्ली', अहिराणीचं 'मराठी' असं परस्पर करू नका. जसं लिहिलंय तसंच उतरवा.

पहिली पिढी. "तुम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी आहात का?" याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा घेतो. मोठी बहीण पदवीधर असेल तर? विचारायचं असं: "आईचं शिक्षण कुठपर्यंत?", "वडिलांचं शिक्षण कुठपर्यंत?" व्याख्या तुम्ही मोजताना लावा. पर्यायांत "ठाऊक नाही" आणि "लागू नाही" ठेवा, कारण सगळ्यांना दोन्ही पालक नसतात.

तपासा: प्रत्येक प्रश्नाखाली "सांगायचं नाही" आहे ना? एकाही प्रश्नाला लाल चांदणी नाही ना? लाल चांदणी म्हणजे सक्ती. "सांगायचं नाही" आणि कोरं ठेवणं वेगवेगळं मोजा. एका प्रश्नावर "सांगायचं नाही" फार आलं, तर दोष बहुतेक प्रश्नातच असतो.

## टप्पा ५: फॉर्मच्या माथ्यावरचा मजकूर

कायदेशीर भाषा नको. दीड मिनिटात वाचून होईल असं लिहा. नमुना:

> हा फॉर्म भरणं पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे. भरला नाही तर प्रवेश, गुण, हजेरी, शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह यांवर काहीही परिणाम होणार नाही; तुम्ही भरला की नाही हेही कुणाला कळणार नाही. कोणताही प्रश्न सोडू शकता. उत्तरं समान संधी केंद्रातील दोन व्यक्तीच पाहतील. त्यांचा उपयोग ग्रंथालय, वेळापत्रक, भाषेचे वर्ग आणि परीक्षेतील सोयी ठरवण्यासाठी होईल. मूळ उत्तरं ३१ मे रोजी पुसली जातील.

त्या दोन व्यक्तींची नावं, बसण्याची जागा आणि तक्रार कुणाकडे करायची तेही खाली लिहा. मजकूर मराठीत हवाच. तुमच्याकडे उर्दू किंवा हिंदी माध्यमातून आलेली मुलं असतील तर त्या भाषांतही द्या.

## टप्पा ६: फॉर्मची तांत्रिक जुळणी आणि चाचणी

गुगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल पत्ते गोळा करण्याची सोय बंद करा. एका व्यक्तीला एकच उत्तर देण्याची मर्यादाही काढा. त्या मर्यादेने लॉगिन करावं लागतं, आणि वर स्वतःचा ईमेल दिसला की मुलं उत्तरं बदलतात. फाइल जोडायचा प्रश्न ठेवू नका, त्यालाही लॉगिन लागतं. वर्गावर्गाला वेगळा दुवा देऊ नका.

आमची स्वतःची चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना तुकडीतुकडीने संगणक कक्षात बसवून फॉर्म भरून घेतला. उत्तरांच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात वेळ येते: ११:०२, ११:०३, ११:०३. कक्षाच्या नोंदवहीत मुलं त्याच क्रमाने सह्या करून बसली होती. वही आणि तक्ता शेजारी ठेवले असते तर अर्ध्या उत्तरांना नावं लागली असती. आम्ही फॉर्मवर 'अनामिक' लिहिलं होतं. ती सगळी उत्तरं आम्ही न वापरता पुसली आणि मुलांना कारण सांगितलं.

वेळेचा रकाना नुसता खोडूनही भागत नाही. शीटच्या जुन्या आवृत्त्यांत तो राहतो आणि फॉर्मच्या पोटातही राहतो. वेळ वगळून नवी प्रत करा, मग मूळ शीट आणि फॉर्ममधली उत्तरं दोन्ही पुसा.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी कागदी फॉर्म आणि कुलूपबंद पेटी ठेवा. पेटी कार्यालयाच्या खिडकीपाशी नको. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर ठेवा.

तपासा: आठ-दहा विद्यार्थ्यांकडून फॉर्म वाचून घ्या. त्यात एक जण पडदा-वाचक वापरणारा आणि एक जण मराठी दुसरी भाषा असलेला असू द्या. "भरलंस का?" असं विचारू नका. "हा प्रश्न वाचून तुला काय वाटलं?" हे विचारा.

## टप्पा ७: फॉर्म पोहोचवणे

जून-जुलैत नको. प्रवेशाच्या गर्दीत दिलेला प्रत्येक कागद सक्तीचाच वाटतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आणि परीक्षा फॉर्म चालू असतानाही नको. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू झाल्यावरचे दोन आठवडे मला सगळ्यात योग्य वाटतात. तोवर प्रथम वर्षाची मुलं रुळलेली असतात.

ओळख करून द्यायला समान संधी केंद्रातली व्यक्ती वर्गात जाते, पाच मिनिटं बोलते, दुवा देते आणि निघते. फॉर्म वर्गात भरून घेत नाही. आठवण एकदाच द्यायची, तीही सगळ्यांना सारखी. "तृतीय वर्षाने ८० टक्के भरले, तुम्ही मागे का?" अशी चुरस लावली की ऐच्छिकपणा संपला.

सावधान: वर्गात "एससी-एसटीवाल्यांनी हात वर करा" हे कोणत्याही कारणासाठी म्हणू नका. शिष्यवृत्तीच्या सूचनेसाठीही नाही. कुणाला वाटतं यात काय एवढं. वर गेलेला तो हात शेजारच्या बाकावरचे तीन वर्षं विसरत नाहीत आणि ज्याने वर केला तो जन्मभर विसरत नाही. तशी सूचना सगळ्या वर्गाला वाचून दाखवता येते.

## टप्पा ८: मोजणी आणि प्रसिद्धी

समजा महाविद्यालयात १,१८० विद्यार्थी आहेत आणि फॉर्म आले ४१२, म्हणजे ३५ टक्के. अहवालात हा आकडा पहिल्या ओळीत हवा. ४१२ पैकी २०६ जणांच्या आईचं शिक्षण दहावीच्या आत असेल, तर "उत्तर देणाऱ्यांपैकी निम्मे" इतकंच म्हणता येतं. "महाविद्यालयातले निम्मे" म्हणता येत नाही.

मग कार्यालयाच्या बेरजेशी ताडून पाहा. कार्यालयाच्या नोंदीत अनुसूचित जमातीचे विद्यार्थी २२ टक्के असतील आणि फॉर्ममध्ये ९ टक्केच उतरले असतील, तर त्या मुलांपर्यंत फॉर्म पोहोचला नाही किंवा त्यांना भरवसा वाटला नाही. ही तफावत अहवालात लपवू नका, निकालांइतकीच ती महत्त्वाची आहे. मात्र ताडायच्या फक्त बेरजा. माणसागणिक जुळणी कधीच करायची नाही.

प्रसिद्ध करताना पाचपेक्षा लहान आकडा जाहीर करू नका. पण तेवढंच करून थांबलात तर फसाल. एका विभागाचा तक्ता बघा: एकूण ४०, स्त्रिया २१, पुरुष १७, पारलिंगी 'पाचपेक्षा कमी'. चाळीसातून अडतीस वजा केले की उरले दोन, आणि चाळीस जणांच्या विभागात ते दोघं कोण हे सगळ्यांना कळतं. अशा वेळी विभागवार तक्ता द्यायचाच नाही, फक्त संपूर्ण महाविद्यालयाचा द्यायचा. दोन-तीन रकान्यांची सांगड घातली, म्हणजे धर्म, लिंग आणि विभाग एकत्र मांडले, की आकडे भराभर एकावर येतात. सांगड दोन रकान्यांपुढे नेऊ नका. शिक्षक-कर्मचाऱ्यांकडून अशी माहिती घेत असाल तर आकडे आणखी लहान असतात, तिथे विभागवार काहीच नको.

तपासा: तक्ता बाहेर जाण्याआधी या कामात नसलेल्या सहकाऱ्याला द्या आणि सांगा, "यातून एखादा माणूस ओळखून दाखव." त्याला जमलं तर तक्ता परत घ्या.

## टप्पा ९: मुलांना उत्तर द्या, मग फाइल पुसा

फॉर्म बंद झाल्यापासून सहा आठवड्यांत फलकावर एक पान लावा: किती जणांनी भरला, काय कळलं, कोणता निर्णय झाला, कोणता झाला नाही आणि का. "तळमजल्यावर प्रात्यक्षिकाचा एक वर्ग जानेवारीपासून. लिफ्टसाठी यंदा निधी नाही." इतकं रोखठोक लिहा. टप्पा १ चा कागद इथे पुन्हा उघडायचा. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीचं काय झालं ते लिहायचं. पुढच्या वर्षी मुलं फॉर्म भरतील की नाही, ते या एका पानावर ठरतं.

मग ठरलेली तारीख. ३१ मे म्हटलं असेल तर ३१ मेलाच. मोजणीचे तक्ते ठेवा, मूळ उत्तरं पुसा, कागदी फॉर्म यंत्रात बारीक कापा. संगणकाचं डाउनलोड फोल्डर, पेनड्राइव्ह, स्वतःला पाठवलेला ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर घाईत टाकलेली प्रत आणि रिसायकल बिन या पाच जागी फाइल हमखास सापडते. पाचही जागा दोघांनी मिळून बघाव्यात आणि केंद्राच्या नोंदवहीत तारीख घालून दोघांनी सह्या कराव्यात.